टॅरॅगॉन दर पावसाळ्यात मरतं: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीसाठी उपाय

पहिला पाऊस झाला की रोपवाटिकेतून टॅरॅगॉनचं, म्हणजे फ्रेंच स्वयंपाकात वापरतात त्या सुवासिक पानांच्या झाडाचं, हिरवंगार रोप घरी येतं. पंधरवडाभर ते छान दिसतं. मग खालची पानं पिवळी पडू लागतात, माती ओली असूनही शेंडे माना टाकतात, खोडाचा बुंधा काळा आणि मऊ होतो. जुलै संपायच्या आत कुंडीत नुसत्या काड्या उरतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवं रोप, पुन्हा तोच प्रकार.

ठाण्यात आणि नवी मुंबईत घरी हर्ब लावणाऱ्या कितीतरी जणांकडून ही तक्रार मी ऐकली आहे. त्यांनी खत बदलून पाहिलेलं असतं, कुंडी बदललेली असते, निंबोळी तेल फवारलेलं असतं, रोपवाटिकाही बदललेली असते. महिना मात्र कुणी बदललेला नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

पावसाळा म्हणजे झाडं लावायचा हंगाम, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. मोगऱ्याची, जास्वंदीची फांदी जूनमध्ये मातीत खोचली की तिला मुळं फुटतात, तुळस जोमाने वाढते, आळूला जागा पुरत नाही. त्यामुळे नवं रोप आणायचं ते पावसाच्या तोंडावर, असं आपण न ठरवताच करतो. टॅरॅगॉन मात्र कोरड्या हवेचं, कडक थंडी सोसणारं झाड आहे. सायबेरिया, मध्य आशिया या बाजूला ते रानात उगवतं. तिथे हिवाळ्यात जमिनीवरचा भाग वाळून जातो, मुळं झोपी जातात आणि वसंतात नवे कोंब येतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठाण्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जुलैतल्या रात्रीही पंचवीस अंशांच्या आसपास राहतात आणि हवेत सतत ओल असते. या झाडाला न मानवणारं सगळं त्या चार महिन्यांत एकत्र येतं.

याचा एक भाऊबंद आपल्याला चांगला माहीत आहे, तो म्हणजे दवणा. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. दवणा आणि टॅरॅगॉन दोघंही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीतले. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतले शेतकरी दवण्याची लागवड नोव्हेंबरच्या सुमारास करतात आणि ऊन तापायच्या आत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तो कापतात. भर पावसात दवणा लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. टॅरॅगॉनला ठाण्यात हेच वेळापत्रक लावा. दिवाळीनंतर लावायचं, होळीपर्यंत भरपूर खुडायचं आणि पावसाळ्यापूर्वी त्याच्याकडून अपेक्षा सोडायची. बारमाही झाड म्हणून त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा हिवाळी पीक म्हणून घेतलं, तर तीन-चार महिने खरोखर चांगली पानं मिळतात.

आधी ओळख पटवा

उपाय करण्याआधी आपल्या कुंडीत नक्की काय आहे ते बघायला हवं, कारण टॅरॅगॉन या एका नावाखाली तीन वेगळी झाडं विकली जातात.

पहिलं फ्रेंच टॅरॅगॉन. स्वयंपाकात नाव आहे ते याचंच. पानं अरुंद, गुळगुळीत, थोडी चकचकीत आणि कडा सरळ. पान चावलं की बडीशेपेसारखा गोडसर वास येतो आणि जिभेच्या टोकाला किंचित बधिरपणा जाणवतो. हा वास मुख्यतः एस्ट्रागोल नावाच्या द्रव्याचा. या झाडाला फुलं क्वचितच येतात, आणि आली तरी त्यातून उगवणारं बी धरत नाही. ते वाढवायचं ते फांदीपासून किंवा मुळांची फाळणी करूनच.

म्हणून ‘फ्रेंच टॅरॅगॉनच्या बिया’ असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर घेऊ नका. त्यातून येतं ते दुसरं झाड, रशियन टॅरॅगॉन. ते दणकट असतं, माणसाच्या छातीपर्यंतही वाढतं, पानं जरा खरखरीत आणि फिकट. चवीला मात्र गवत. बी रुजवून, महिनोन्‌महिने जपून शेवटी पानाला वासच नाही, अशी निराशा झालेल्यांच्या कुंडीत बहुतेक वेळा हेच असतं. त्यात तुमची काही चूक नसते आणि खत घालून तो वास येणारही नाही.

तिसरं मेक्सिकन टॅरॅगॉन, टॅजेटिस ल्युसिडा. हे मुळी आर्टेमिसियाच नव्हे, झेंडूच्या प्रजातीतलं आहे. पानाच्या कडेला बारीक दाते असतात, पानं समोरासमोर जोडीने येतात आणि दिवस लहान झाले की छोटी सोनेरी फुलं लागतात. वास फ्रेंचच्या बराच जवळचा. आपल्या हवेत हेच सर्वांत जास्त टिकतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

थोडक्यात, पान चुरगळून हुंगा आणि कडेवरून बोट फिरवा. एवढ्यावर ओळख पटते. यापुढचं बरंचसं लिखाण फ्रेंचबद्दल आहे, कारण मरतं ते तेच.

बुंधा काळा पडतो तेव्हा

नौपाड्यातल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, “अहो, मी रोज न चुकता पाणी घालते, तरी ते कोमेजतं कसं?” मी म्हटलं, “काकू, आधी कुंडी उचलून बघा.” कुंडी दगडासारखी जड होती.

ओल्या मातीत कोमेजलेलं झाड तहानलेलं नसतं. त्याची मुळं गुदमरलेली असतात. मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांची टोकं मरू लागतात. मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वरचे शेंडे लोळतात. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. त्यात पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक पाण्यातूनच पसरतात. त्यांचे सूक्ष्म बीजाणू अक्षरशः ओल्या मातीत पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. उन्हाळ्यात कुंडी एका दिवसात सुकते, पण जुलैत हवेतच इतकी ओल असते की तीच माती चार-पाच दिवस ओली राहते. झाडाला एवढा वेळ झेपत नाही.

उबदार रात्री दुसऱ्या बाजूने नुकसान करतात. दिवसा ढगाळ असल्याने पानं अन्न कमी तयार करतात आणि रात्री उष्म्यामुळे श्वसनात ते जास्त खर्च होतं. झाड आधीच अशक्त, त्यात मुळं कुजलेली. म्हणून छपराखाली ठेवलेलं, थेट पाऊस न लागलेलं टॅरॅगॉनही जुलैत रडतखडतच जगतं.

खात्री करायची असेल तर झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट, टणक असतात. कुजलेली मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि ओढली की वरचं साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. मातीला गटारासारखा वास येत असेल तर शंकाच नको.

अर्धी मुळं चांगली असतील तर कुजलेली कात्रीने कापून, वरच्या फांद्याही तेवढ्याच कमी करून, कोरड्या नव्या मिश्रणात लावून बघता येईल. बुंधा काळा पडला असेल तर झाड वाचत नाही, त्यावर वेळ घालवू नये. शेंड्याकडचा भाग अजून हिरवा आणि ताठ असेल तर त्याच्या १० ते १२ सेंटिमीटरच्या काड्या कापा, खालची पानं काढा आणि धुतलेल्या जाड वाळूत किंवा पर्लाइटमध्ये (कुंडीच्या मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे) सावलीत खोचा. हवा खेळती राहिली तर तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पावसाळ्यात यातल्या बऱ्याच काड्या सडतात हे गृहीत धरून पाच-सहा तरी लावा. जुनी माती दुसऱ्या हर्बच्या कुंडीत मुळीच घालू नका, आणि ती कुंडी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय परत वापरू नका.

ट्रायकोडर्मा, म्हणजे झाडाला उपकारक असलेली एक बुरशी, कृषी केंद्रात सहज मिळतो. लागवडीच्या वेळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मातीत मिसळला तर मुळांना आधार मिळतो. पण तो रोग येऊ नये म्हणून आहे, काळा बुंधा त्याने बरा होत नाही. आणि जी पानं आपण कच्ची खाणार, त्या झाडावर रासायनिक बुरशीनाशक मारायला माझा ठाम विरोध आहे.

माती: इथेच बहुतेकांचं बिघडतं

आपल्याकडे मिळणाऱ्या गोणीतल्या लाल मातीत चिकणमाती बरीच असते. जमिनीत ती ठीक, पण कुंडीत दोन-चार पावसांनंतर ती विटेसारखी घट्ट बसते. उलट, तयार पॉटिंग मिक्समध्ये बहुतांश कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं आणि कोकोपीट पाणी धरून ठेवण्यासाठीच वापरलं जातं. पुदिना, कोथिंबीर यांना ते मानवतं. टॅरॅगॉनला दोन्ही टोकं नकोत.

मी सुचवेन ते मिश्रण असं: एक भाग जाड वाळू, एक भाग पर्लाइट किंवा विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग लाल माती किंवा कोकोपीट, आणि अर्धा भाग गांडूळखत. वाळू खाडीकाठची नको, तिच्यात मीठ असतं. बांधकामाच्या दुकानात क्रश सँड मिळते ती चालते, पण आधी बादलीत दोन-तीनदा धुऊन तिच्यातली पूड काढून टाका. ती पूड राहिली तर तीच पोकळ्या बुजवते. कोकणातली लाल माती आम्लधर्मी असते आणि टॅरॅगॉनला उदासीनच्या आसपासची माती लागते, म्हणून लाल माती वापरलीत तर बागकामाच्या दुकानातला डोलोमाइट चुना एका कुंडीला एक चमचाभर मिसळा. पानात खायचा ओला चुना घालू नका, तो फार तीव्र असतो.

मिश्रण जमलं का, हे पाहायची सोपी रीत आहे. कुंडी भरा, तांब्याभर पाणी ओता. पाणी वर साचून न राहता काही सेकंदांत खालून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर वाळू आणि पर्लाइट आणखी वाढवा.

कुंडीच्या तळाशी दगडगोटे किंवा खापऱ्यांचा थर द्यायची पद्धत घराघरांत आहे. त्याने निचरा सुधारतो असा समज आहे, पण होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. प्रत्येक कुंडीत तळाशी मातीचा एक ओलाचिंब पट्टा कायम असतो, आणि त्याची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. दगडांचा थर दिला की तो ओला पट्टा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तोच उभा धरा. आणखी पाणी गळेल. म्हणून उथळ, पसरट ट्रेपेक्षा आठ-दहा इंच खोल, उंच कुंडी या झाडाला बरी. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, पुरेशी आहे.

रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुतेकदा कोकोपीटचा घट्ट लगदा असतो, कधी त्याला जाळीचं किंवा कापडाचं आवरणही असतं. तसंच्या तसं नव्या मातीत बसवलं तर बाहेरची माती कोरडी आणि आतला लगदा ओला, अशी स्थिती राहते. बोटाने वरची माती चाचपून तुम्ही पाणी घालत राहता आणि आत मुळं कुजत राहतात. लावताना आवरण काढा आणि लगदा बोटांनी हलकेच सोडवा.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. भरपूर नत्र मिळालं की झाड भरभरून, पण मऊ आणि पाणचट वाढतं. वास कमी होतो आणि मावा ही कीड धावून येते. लावताना घातलेलं गांडूळखत आणि जानेवारीत एक मूठ, एवढं मोसमाला पुरतं.

कुठली बाल्कनी, कुठली खिडकी

आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत दिवसभर ऊन येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत जवळजवळ नाहीच. जूनमध्ये उलट, दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो. त्यामुळे मे महिन्यात ऊन पाहून ठरवलेली जागा हिवाळ्यात सावलीची निघते. टॅरॅगॉनसाठी जागा हिवाळ्यातलंच ऊन पाहून ठरवा. रोज पाच-सहा तास ऊन हवं. दक्षिण किंवा आग्नेय उत्तम, पूर्व चालेल. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये समोरच्या टॉवरची सावली किती वाजता पडते, हे एखाद्या रविवारी घरी बसून बघावंच लागतं. नेरूळ, सीवूड्‌सकडे रो-हाउसच्या गच्च्या आहेत, तिथे हा प्रश्न कमी येतो.

बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्यांनी एसीचं बाहेरचं यंत्र कुठे आहे ते पाहावं. त्यातून येणारी गरम हवा थेट पानांवर येत असेल तर एका दुपारीत शेंडे करपतात. तसंच एसीच्या नळीचं पाणी कुंडीत सतत ठिबकत असेल तर माती कधीच सुकत नाही. ते पाणी झाडाला वाईट नसतं, पण बादलीत साठवून गरजेपुरतं घालावं.

कुंडीखाली ट्रे ठेवला तर त्यात पाणी राहू देऊ नका. मुळांसाठी तर नकोच, पण डेंगीचे डासही असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. दोन विटांवर कुंडी ठेवली की खालून हवा खेळते.

दिवाळीनंतरचं वेळापत्रक

ऑक्टोबर टाळा. पाऊस गेला म्हणून आपण उत्साहाने कामाला लागतो, पण ऑक्टोबरचा उकाडा नव्या रोपाला जूनइतकाच जड जातो. तो महिना मिश्रण तयार करायला आणि कुंड्या वाळवायला वापरा.

दिवाळीचा फराळ संपत आला आणि पहाटे पंखा कमी करावासा वाटू लागला की रोप आणा. कुरियरने आलेलं रोप प्रवासाने दमलेलं असतं, त्याला आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, मग पूर्ण उन्हात. फांद्या वीतभर झाल्या की शेंडे खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतील. पाणी सकाळीच, आणि बोटाची दोन पेरं खोल माती कोरडी लागल्यावरच. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर बोट घालायचीही गरज राहत नाही.

डिसेंबरमध्ये वाढ मंदावते. दिवस लहान असतात, त्यामुळे झाड थोडं सुस्तावतं, काही फांद्या पिवळ्या पडून वाळतातही. इथे घाबरून ते फेकू नका. बुंधा टणक आहे, मुळं पांढरी आहेत आणि मातीच्या जवळ बारीक कोंब दिसत आहेत, तर ते विश्रांती घेत आहे. पाणी निम्म्यावर आणा, वाळलेल्या फांद्या कापा आणि थांबा. मूळकूज आणि विश्रांती यांतला फरक ओळखायचा तो बुंध्यावरून: काळा-मऊ असेल तर कूज, तपकिरी-कडक असेल तर विश्रांती.

आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्री साधारण १५ ते २० अंशांच्या असतात. थंड देशात मिळते तशी गाढ झोप या झाडाला इथे मिळत नाही, म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते आपसूक क्षीण होत जातं. मुळं फ्रिजमध्ये ठेवून कृत्रिम थंडी देण्याचे प्रयोगही लोक करतात. एवढा खटाटोप एका कुंडीसाठी करावा असं मला वाटत नाही. नोव्हेंबरला नवं रोप आणणं सोपं.

जानेवारी-फेब्रुवारीत भरपूर खुडा, पण एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नको. फेब्रुवारीअखेर चार-पाच काड्या मुळं धरायला लावून ठेवा. होळीनंतर ऊन चढलं की कुंडी फक्त सकाळचं ऊन येईल अशा जागी हलवा. मे महिन्यात उरलेलं सगळं कापून घ्या. ज्यांना मूळ झाड टिकवायचाच हट्ट आहे त्यांनी ते पहिल्या पावसाआधी घरात, उजेडाच्या खिडकीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावं आणि आठवड्यातून जेमतेम एकदा पाणी द्यावं. काही वेळा साधतं, बहुतेक वेळा नाही.

इतर लक्षणं, थोडक्यात

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर लगेच भुरी (बुरशीचा रोग) समजू नका. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ आपल्याकडे इतकी असते की ती तशीच दिसते. ओल्या बोटाने पुसा. धूळ असेल तर सगळ्या पानांवर सारखी असते आणि लगेच जाते. भुरी ठिपक्याठिपक्यांनी येते आणि पुसल्यावर दोन दिवसांत परत उमटते. धुळीसाठी सकाळी पानं धुवा, भुरीसाठी रोगट पानं काढा, फांद्या विरळ करा आणि संध्याकाळचं शिंपडणं बंद करा. पानाखाली तांबूस पुटकुळ्या म्हणजे तांबेरा, तिथेही हेच करायचं.

फांद्या लांबट, पानं विरळ, झाड एका बाजूला झुकलेलं: ऊन कमी पडतंय. पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर आला: खतातले क्षार साठलेत, एकदा भरपूर पाणी सोडून निचरू द्या. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, ते ओल्या कापडाने पुसून काढले तर पुरतं. मार्च-एप्रिलमध्ये पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसली तर पानामागे लाल कोळी ही बारीक कीड असते, तिला पाण्याचा जोरदार फवारा आवडत नाही.

बारा महिने हवं असेल तर

मग मेक्सिकन टॅरॅगॉन लावा, हे मी मनापासून सांगते. मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचं हे झाड आपल्या उकाड्याला आणि दमटपणाला बरंच सरावतं. ते बियांपासून येतं, काडीपासून तर पाण्याच्या ग्लासातही मुळं धरतं. गुडघ्यापर्यंत वाढतं, झुडपासारखं भरतं आणि दिवाळीच्या आगेमागे सोनेरी फुलांनी लगडतं. फुलंही खाता येतात.

पाऊस सोसतं म्हणजे पाण्यात उभं राहतं असं मात्र नाही. वरचंच निचऱ्याचं मिश्रण वापरा आणि पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसापासून आडोसा द्या. जुलैत फांद्या लोळू लागल्या तर निम्म्यावर छाटा, हवा खेळली की सावरतं. फुलोरा संपल्यावरही एकदा छाटणी हवी. दर वर्षी मेमध्ये दोन-तीन काड्यांची नवी रोपं करून ठेवली की एखादी कुंडी पावसात गेली तरी घर रिकामं राहत नाही. खारघरला ओळखीच्या एका कुटुंबाकडे फ्रेंचची हिवाळी कुंडी आणि मेक्सिकनची बारमाही कुंडी शेजारी शेजारी असतात, आणि मला ती जोडी सर्वांत व्यवहार्य वाटते.

दवणा वासाला सुंदर असला तरी टॅरॅगॉनच्या जागी पदार्थात घालू नका, तो कडू असतो. अगदी अडलं तर बडीशेपेच्या झाडाची कोवळी पानं जास्त जवळची.

पानं वापरणं आणि साठवणं

पानं सकाळी, दव सुकल्यावर खुडा. फ्रेंच आणि मेक्सिकन, दोन्ही टॅरॅगॉनचा वास उष्णतेने उडतो, मेक्सिकनचा तर फारच लवकर, म्हणून गॅस बंद केल्यावरच घाला. फ्रेंच स्वयंपाकात बेआर्नेज सॉसमध्ये हीच पानं असतात. आपल्याकडे लोण्यात परतलेलं पापलेट, आमलेट, उकडलेले छोटे बटाटे, घट्ट दही आणि लसूण, यांत ती छान रुळतात. पहिल्यांदा चार-पाचच पानं घाला. वास तिखट नसला तरी पसरतो फार.

मे महिन्यात जे सगळं कापून घ्यायचं त्याचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. वाळवू नका, वाळलेल्या पानांत फारसा वास उरत नाही. बारीक चिरून मऊ लोण्यात कालवा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा. किंवा धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या चार-पाच फांद्या काचेच्या बाटलीत घालून त्यावर पांढरं व्हिनेगर फांद्या बुडतील इतकं ओता. दोन-तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा, मग गाळून फांद्या काढून टाका. पानांना पाण्याचा अंश राहिला तर व्हिनेगर गढूळ होतं, एवढं सांभाळा. पावसाळाभर काकडीच्या कोशिंबिरीत हे व्हिनेगर चमचाभर घातलं तरी पुरतं.